‘दुविधा’मधील स्त्री : कथक, इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि ओळखीचा प्रश्न

प्रस्तावना

नृत्य आणि तंत्रज्ञान यांचा एकत्रित विचार करावयाचा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येतात ते रंगमंचावरील प्रक्षेपित चित्रे, संगणकाद्वारे नियंत्रित होणारी प्रकाशयोजना आणि ध्वनिमुद्रित संगीत. तंत्रज्ञान ही नृत्याला बाहेरून जोडलेली सजावट आहे, असा समज त्यातून दृढ होतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी कुमुदिनी लाखिया यांच्या १९७१ मधील ‘दुविधा’ या एकल नृत्यरचनेच्या आधारे केली आहे. नर्तकाच्या शरीराचा नेहमीचा आधार जेव्हा तंत्रज्ञान काढून घेते, तेव्हाच ते नृत्यात खऱ्या अर्थाने प्रवेश करते आणि त्याच क्षणी ‘मी कोण?’ हा प्रश्न शरीराला विचारला जातो, अशी या लेखाची मांडणी आहे.

ओळख आणि अस्मिता

मराठीत ‘अस्मिता’ हा शब्द आपण बहुधा समूहाच्या संदर्भात वापरतो. भाषेची, प्रांताची, जातीची अस्मिता असे म्हणतो. ‘ओळख’ हा शब्द अधिक घरगुती आहे. दुसऱ्याने आपल्याला ओळखणे आणि आपण स्वतःला ओळखणे हे दोन्ही अर्थ त्यात सामावतात. नृत्याच्या चर्चेत हा दुसरा शब्द अधिक उपयोगी पडतो, कारण नर्तक एकाच वेळी पाहणारा आणि पाहिला जाणारा असतो.

शास्त्रीय नृत्यात स्त्रीची ओळख परंपरेने आधीच ठरवून दिलेली असते. अष्टनायिकांच्या वर्गीकरणाचे उदाहरण घेता येईल. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, अभिसारिका इत्यादी आठही अवस्था नायकाशी असलेल्या नात्यावरून ठरतात. या चौकटीतून अभिनयाची अतिशय सूक्ष्म परंपरा निर्माण झाली, हे निःसंशय. तथापि जिची घालमेल नायकाबद्दल नसून स्वतःच्या जगण्याबद्दल आहे, अशा स्त्रीसाठी या आठांत जागा सापडत नाही.

कुमुदिनी लाखिया यांची जडणघडण

कुमुदिनी लाखिया (१९३०–२०२५) यांचे माहेरचे आडनाव जयकर. बिकानेर, बनारस आणि जयपूर या परंपरांतील गुरूंकडून त्यांना बालपणापासून कथकची तालीम मिळाली. पुढे दिल्लीत शंभू महाराजांकडे त्यांनी शिक्षण घेतले. त्यापूर्वीच तरुण वयात रामगोपाल यांच्या नृत्यसंघातून त्यांनी परदेश दौरे केले होते. घराण्याची शिस्त आणि घराण्याबाहेरचा रंगमंच या दोहोंचा अनुभव त्यांच्या गाठीशी लवकरच जमा झाला. विवाहानंतर त्या अहमदाबाद येथे स्थायिक झाल्या आणि साठच्या दशकात त्यांनी ‘कदंब’ ही संस्था स्थापन केली. अदिती मंगळदास, दक्षा सेठ यांच्यासारख्या नृत्यांगना याच संस्थेत घडल्या.

त्यांनी कथकचे व्याकरण सोडले नाही. तत्कार, चक्कर, तिहाई हे सारे त्यांच्या रचनांत आहे. त्यांनी प्रश्न विचारला तो या व्याकरणाने काय बोलावयाचे याविषयी. त्याच काळात पुण्यात, १९४७ मध्ये स्थापन केलेल्या ‘नृत्यभारती’च्या माध्यमातून रोहिणी भाटे कथकच्या शास्त्राचा आणि काव्याशयाचा आपल्या पद्धतीने पुनर्विचार करीत होत्या, याचे स्मरण येथे उचित ठरेल.

अहमदाबादेतील ध्वनिप्रयोग

‘दुविधा’चे संगीत समजून घेण्यासाठी त्या वेळच्या अहमदाबादकडे पाहावे लागते. साराभाई कुटुंबातील गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला होता. १९६४ मध्ये नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांचा संघ भारतात आला तेव्हा त्याने अहमदाबादेसही भेट दिली. या संघाचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर १९६९ मध्ये पुन्हा आले आणि त्यांच्या साहाय्याने राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताची ध्वनिशाळा उभी राहिली. तेथे काम केलेल्या भारतीय संगीतकारांत गीता साराभाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आणि अतुल देसाई यांचा समावेश होतो. याच अतुल देसाई यांनी ‘दुविधा’साठी इलेक्ट्रॉनिक संगीताची योजना केली.

या यंत्राचे स्वरूप थोडक्यात पाहू. सतारीत तार छेडली जाते, तबल्यात पुडीवर आघात होतो. म्हणजे ध्वनीमागे मानवी हाताची हालचाल असते आणि ती श्रोत्याला जाणवते. सिंथेसायझरमध्ये विद्युतदाबाच्या आंदोलनांतून ध्वनी निर्माण होतो. त्याची उंची, पोत आणि कालावधी हे सर्व विद्युतदाब बदलून नियंत्रित करता येते. तो ध्वनी फितीवर मुद्रित केला की ती फीत कापता, जोडता, उलटी फिरविता येते. असा ध्वनी ऐकताना त्यामागील शरीर डोळ्यांसमोर येत नाही.

‘दुविधा’ : समेविना शरीर

रचनेचा विषय साधा आहे. एक मध्यमवर्गीय विवाहिता घराच्या चौकटीत जगते. केसांचा अंबाडा घालावयाचा, बिनबाह्यांचे पोलके घालावयाचे नाही, पतीची मर्जी सांभाळावयाची, असे तिचे नियम ठरलेले आहेत. छोट्याशा खिडकीतून तिला एका वृत्तपत्रातील छायाचित्र दिसते. छायाचित्रातील स्त्रीचे केस आखूड असून त्यात पांढरी बट आहे. तिच्याभोवती पुरुष आहेत आणि ते तिचे म्हणणे ऐकत आहेत. १९७१ च्या प्रेक्षकाला हे वर्णन कोणाचे आहे, ते सांगण्याची आवश्यकता नव्हती. इंदिरा गांधी तेव्हा पंतप्रधान होत्या. खिडकीतील स्त्रीला त्या प्रतिमेचे आकर्षण वाटते, पण हाती असलेले आयुष्य गमावण्याची तिची तयारी नाही. रचनेचे नाव या अवस्थेवरूनच आलेले आहे.

येथे दोन प्रकारचे तंत्रज्ञान कार्यरत आहे, हे लक्षात घ्यावे लागेल. पहिले मुद्रित छायाचित्राचे. पारंपरिक रचनेत नायिकेची दुसरी बाजू सखी किंवा दूती बोलून दाखवते. ‘दुविधा’त ती जागा कागदावर छापलेल्या चेहऱ्याने घेतली आहे. सखीशी संवाद होतो; छायाचित्र उत्तर देत नाही. त्यामुळे स्त्रीला स्वतःशीच बोलावे लागते.

दुसरे तंत्रज्ञान ध्वनीचे आहे. कथकमध्ये सारंगी किंवा हार्मोनियमवरील लेहरा तालाचे आवर्तन अखंड सांभाळतो. तीनतालाच्या सोळा मात्रांत नर्तक कितीही दूर गेला तरी समेवर परतावयाचे आहे, हे त्याला आणि प्रेक्षकांना ठाऊक असते. तिहाई समेवर येताच सभागृहातून दाद मिळते, ती या सुखरूप परतण्याला असते. सम म्हणजे एका अर्थाने घर होय. इलेक्ट्रॉनिक ध्वनीत अशा घराची हमी नसते. आवर्तन स्पष्ट नसेल तर चक्कर घेणाऱ्या शरीराला थांबण्याची जागा स्वतःच ठरवावी लागते. घर हेच जिच्या द्विधा मनःस्थितीचे कारण आहे, तिच्या नृत्यातून समेची खात्री काढून घेणे हा म्हणूनच आशयाशी थेट जोडलेला निर्णय ठरतो. हेच कथानक नेहमीच्या लेहऱ्यावर सादर झाले असते, तर कथेत अनिर्णय राहिला असता आणि संगीतात मात्र दर आवर्तनाला निर्णय झाला असता.

तुलनात्मक दृष्टिक्षेप

उदयशंकर यांच्या ‘कल्पना’ (१९४८) या चित्रपटात श्रम आणि यंत्र हा नृत्याचा विषय झाला होता. तेथे शरीर यंत्राचे अनुकरण करते. कनिंगहॅम यांनी पुढे संगणकावर मानवी आकृती हलवून रचना बांधण्याची पद्धत अंगीकारली. ‘बायपेड’ (१९९९) या त्यांच्या कृतीत नर्तकांच्या हालचाली यंत्राने टिपून त्यांपासून तयार केलेल्या रेखाकृती पारदर्शक पडद्यावर, प्रत्यक्ष नर्तकांसमोर, दाखविण्यात आल्या. हालचाल शरीरापासून वेगळी काढता येते, हे तेथे दृश्य झाले. कथकमध्ये घडलेले ब्रिटिश-बांगलादेशी नृत्यरचनाकार अक्रम खान यांच्या ‘देश’ (२०११) या एकल कृतीत चलचित्रे आहेत. मोबाईल बिघडला म्हणून ग्राहकसेवेला केलेल्या दूरध्वनीवर बांगलादेशातील एक मुलगा बोलतो, असाही प्रसंग आहे. वडिलांच्या देशाशी असलेले तुटक नाते त्या संभाषणातून व्यक्त होते.

ही उदाहरणे ‘दुविधा’हून साधनसामग्रीने कितीतरी समृद्ध आहेत. तथापि ‘देश’मधील दूरध्वनी आणि ‘दुविधा’मधील वृत्तपत्र यांचे कार्य समान आहे. दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान एक दूरची शक्यता जवळ आणते आणि पोहोचू मात्र देत नाही. ओळखीची घालमेल या अंतरातून निर्माण होते.

अध्यापनाच्या दृष्टीने

या चर्चेचा आपल्या वर्गांशी निकटचा संबंध आहे. मुळशी तालुक्यातील उरवडे, पिरंगुट या परिसरात शेती आणि कारखाने शेजारी शेजारी उभे आहेत. येथील विद्यार्थिनीच्या हातातील मोबाईल ही आजची खिडकी आहे. त्या खिडकीत पूर्वीप्रमाणे एकच छायाचित्र नसते. दर क्षणाला नवी प्रतिमा येते आणि तिचे अनुकरण करून स्वतःची प्रतिमा पुन्हा त्याच खिडकीत सोडता येते. स्नेहसंमेलनातील नृत्ये आपण करमणूक म्हणून पाहतो आणि विसरून जातो. वास्तविक कोणती हालचाल घरी चालते, कोणती केवळ मोबाईलसमोर चालते आणि कोणती व्यासपीठावर चालते, एवढा एक प्रश्न विद्यार्थिनींना विचारला तरी मराठी, समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास या विषयांच्या प्राध्यापकांना समान चर्चेची भूमी सापडेल. त्यासाठी नृत्याचे तांत्रिक ज्ञान असण्याची अट नाही.

जतनाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. अहमदाबादच्या ध्वनिशाळेतील फिती अनेक दशके संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश संगीतकार व संशोधक पॉल पर्गस यांनी त्यांचा शोध घेतल्यानंतर १९६९ ते १९७२ या काळातील निवडक संगीत २०२३ मध्ये प्रकाशित झाले. ध्वनी फितीवर टिकू शकतो. नृत्य शिष्येच्या शरीरात आणि पाहणाऱ्याच्या स्मृतीत टिकते, आणि ही दोन्ही स्थाने नश्वर आहेत. लाखिया यांचे १२ एप्रिल २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्या पिढीचे प्रयोग ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम महाविद्यालयांनी वेळीच हाती घेणे आवश्यक आहे.

समारोप

‘दुविधा’ने आपल्या नायिकेला निर्णय दिला नाही. खिडकी सोडून जा असे ती सांगत नाही आणि खिडकी बंद करून घे असेही सांगत नाही. नायकाच्या संदर्भाविना उभी असलेली, समेची खात्री नसलेली एक स्त्री तिने कथकच्या रंगमंचावर आणली आणि तिच्या अनिर्णयाला नृत्याचा दर्जा दिला. त्यासाठी लागलेले तंत्रज्ञान आजच्या मानाने अल्प होते. ते कोठे वापरावयाचे याची जाण मात्र पक्की होती. साधने विपुल झालेल्या आजच्या काळात नृत्याच्या अभ्यासकाने कोणते यंत्र वापरले एवढे नोंदवून थांबू नये. त्या यंत्राने शरीराचा कोणता आधार काढून घेतला, हे त्याने तपासावे. ‘दुविधा’च्या अभ्यासातून मिळणारी दृष्टी ती हीच होय.