बाळ मजेत आहे, आई कशी आहे?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण घरात किंवा मैत्रिणींत कुणी बाळंतीण असेल तर शेवटपर्यंत ऐका.

माझ्या बाळंतपणात तशी कशाचीच कमी नव्हती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, माहेरी सगळं वेळेवर. बारशाच्या फोटोत मी छान हसतेय. त्याच दुपारी बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. सांगणार कुणाला? "अगं, सोन्यासारखं बाळ आहे, रडतेस काय?" हेच ऐकावं लागलं असतं.

तर आधी एक फरक समजून घेऊ. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स झपकन खाली येतात. त्यात जागरण, टाक्यांचं दुखणं. म्हणून पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं. हे 'बेबी ब्लूज'. साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतात.

पण दोन आठवडे उलटले तरी मन उदासच आहे, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, 'मी वाईट आई आहे' हेच डोक्यात फिरतंय, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ते पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं. हा आजार आहे, नखरे नाहीत. समुपदेशनाने, गरज पडली तर गोळ्यांनी बरा होतो. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत. कुठलं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतात.

माझं कळलं ते दीड महिन्याच्या लसीच्या वेळी. नर्सने विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?" मी तिथेच रडायला लागले. मग डॉक्टरांनी एडिनबरा प्रश्नावली दिली. १९८७ साली तयार झालेली, दहा प्रश्नांची, गेल्या सात दिवसांबद्दल. दहावा प्रश्न: स्वतःला इजा करून घ्यायचा विचार आला का? मी 'क्वचित'वर खूण केली. त्या खुणेमुळे उपचार लगेच सुरू झाले.

तुम्ही काय कराल? सल्ले देऊ नका, ऐका. रात्री बाळ सांभाळा, तिला सलग चार तास झोपू द्या. टेलिमानसचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करा: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. भास होत असतील, भलतेच संशय येत असतील, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याची भाषा असेल, तर तिला एकटं सोडू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

ऐकताना कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला का? मग तिला आजच फोन लावा. बाळाचं नंतर विचारा, आधी तिचं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!