मीठ बगदादचे, मर्जी तेहरानची!

फौज कुणाची, हे ओळखावे कसे? गणवेशावरून, निशाणावरून, की महिनाअखेर पगार कोण देतो त्यावरून? इराकची हकीकत वाचू लागलो, तेव्हा या तिन्ही खुणा किती फसव्या असतात ते माझ्या ध्यानात आले. वाचकांपुढे ती थोडक्यात मांडतो.

1980 ते 1988 अशी आठ वर्षे इराक आणि इराण एकमेकांशी लढले. सद्दाम हुसेनच्या जाचामुळे पुष्कळ इराकी शिया तेव्हा इराणात आश्रयाला गेले होते. त्यांच्यातूनच इराणने ‘बद्र’ नावाची पलटण उभारली. हे इराकी आपल्याच देशाच्या सैन्याशी लढले! 2003 साली अमेरिकेने सद्दामची सत्ता उलथली आणि त्याचे लष्कर एका फर्मानासरशी मोडीत काढले. लाखो शिपाई घरी बसले. बद्रची माणसे मायदेशी परतली आणि त्यांतली कित्येक पोलिसी गणवेशात शिरली. नोव्हेंबर 2005 मध्ये बगदादेत गृहखात्याच्या एका इमारतीत सुमारे 170 कैदी सापडले. अनेकांच्या अंगावर छळाचे वळ होते.

पुढे 10 जून 2014 रोजी मोसूल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले. सरकारी सैन्य हत्यारे टाकून पळाले. तीनच दिवसांनी नजफचे वयोवृद्ध धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी हाक दिली, की देश वाचवण्यासाठी सैन्यात दाखल व्हा. हजारो तरुण घराबाहेर पडले. पण त्यांना सामावून घेणारे सैन्य होते कुठे? तयार होत्या त्या बद्र, कताइब हिजबुल्ला अशा जुन्या टोळ्या. शस्त्रे आणि सल्लागार इराणने तातडीने धाडले. या साऱ्यांची मोट बांधून ‘हश्द अल-शाबी’ म्हणजे लोकसेना उभी राहिली. तिच्यातल्या कित्येक पोरांनी शत्रूशी लढताना प्राण दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

नोव्हेंबर 2016 मध्ये इराकी संसदेने कायदा करून ही लोकसेना सरकारी दलांत घेतली. कागदावर तिचे सेनापती झाले पंतप्रधान. 2023 च्या अर्थसंकल्पात तिच्या माणसांची संख्या सुमारे 2 लक्ष 38 हजार धरली होती. एवढ्यांचा पगार इराकच्या तिजोरीतून!

आणि हुकूम? लोकसेनेचा उपप्रमुख अबू महदी अल-मुहंदिस जन्माने बसऱ्याचा, पण त्याची कित्येक वर्षे इराणात गेलेली. 3 जानेवारी 2020 रोजी बगदादच्या विमानतळाजवळ अमेरिकेच्या हल्ल्यात तो ठार झाला. त्याच्याबरोबर होते इराणचे सेनानी कासिम सुलेमानी. भूमी इराकची, मारणारे अमेरिकन, मरणाऱ्यांत इराणचा सेनापती. घरमालकाला मात्र कुणीच विचारले नव्हते!

त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने धीर करून कताइब हिजबुल्लाच्या 14 जणांना अग्निबाणांच्या हल्ल्यांच्या संशयावरून पकडले. त्यांचे सशस्त्र सोबती मोटारी घेऊन सरकारी कचेऱ्यांच्या भागात घुसले. थोड्याच दिवसांत एक सोडून सारे सुटले. ज्यांना पगार देतो, त्यांना आठवडाभर कोठडीत ठेवण्याचीही सरकारची प्राज्ञा नव्हती.

यावरून सारे शिया इराणचे, असे समजणे मोठा अन्याय होईल. सिस्तानींना मानणाऱ्या चार तुकड्या 2020 मध्ये लोकसेनेतून वेगळ्या झाल्या आणि त्यांनी थेट पंतप्रधानांचा हुकूम पत्करला. त्याआधी, ऑक्टोबर 2019 पासून, बगदादेत आणि दक्षिणेतल्या शिया शहरांतच तरुणांनी नोकऱ्यांसाठी आणि भ्रष्टाचाराविरुद्ध मोठे आंदोलन केले. ‘इराण, चालता हो’ असे ते ओरडत होते. खुद्द नजफमध्ये इराणची वकिलात जाळली गेली. त्या आंदोलनात गोळ्यांनी शेकडो पोरे मेली, कित्येक बेपत्ता झाली.

मला काळजी वाटते ती या बेपत्ता पोरांच्या आयांची. मध्यरात्री दार वाजते, गणवेशातली माणसे मुलाला घेऊन जातात. सकाळी आई चौकीवर जाते, तर तिथे उत्तर मिळते, ‘ती माणसे आमची नव्हेत.’ मग ती कुणाची? पगारपत्रक बगदादेत असते, पण जाब विचारायला त्या माउलीने कुठे जायचे? आपले सरकार कोणते, हे ज्या देशातल्या आईला ठाऊक नसते, त्या देशाला स्वतंत्र म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.