अँप्लिफायरच्या पंख्याची घरघर

उन्हाळ्याच्या दिवसांत शिरूर किंवा दौंड येथें गाणें ऐकण्याची खरी वेळ म्हणजे रात्रीची. दिवसाचा ताप उतरलेला असतो, रस्त्यावरची वर्दळ ओसरलेली असते आणि घरांतील मंडळींचीं कामें आटोपलेलीं असतात. अशा वेळीं एखादा रसिक मालकंसाचा विलंबित ख्याल लावतो. तानपुरे जुळून येतात, गवई षड्ज लावण्यापूर्वीं क्षणभर थांबतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं ऐकूं येते ती अँप्लिफायरच्या पेटींतील पंख्याची घरघर. गाणें मोठें केलें म्हणजे ती बुडून जाते हें खरें; परंतु रात्रीं दहानंतर मोठा आवाज शेजाऱ्यांस रुचत नाहीं, आणि विलंबित ख्याल मोठ्यानें ऐकण्यांत गोडीहि नसते. पुण्याच्या मैफिली सत्तर-पाऊणशें किलोमीटर दूर. तेव्हां या गांवांच्या रसिकाला घरचें यंत्र हीच मैफल, आणि तींत पंखा हा न बोलावलेला साथीदार होऊन बसतो.

ही तक्रार फार जुनी नव्हे. किल्लीच्या ग्रामोफोनला पंखा नव्हता. व्हॉल्व्हचा रेडिओ तापत असे, पण आपली उष्णता तो निमूटपणें हवेंत सोडीत असे. शिवाय त्या काळच्या तबकडीचा स्वतःचाच आवाज मोठा. उस्ताद अब्दुल करीम खां (१८७२ ते १९३७) यांच्या तबकड्या ज्या पिढीनें ऐकल्या, तिच्या कानाला सुईच्या खरखरीपलीकडचें गाणें वेंचून घेण्याची संवय होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या जागीं १९४८ सालापासून लाँग-प्लेइंग तबकडी येऊं लागली. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली आणि मुद्रणांतील खरखर जवळजवळ नाहींशी झाली. मुद्रण जसजसें स्वच्छ होत गेलें, तसतसे खोलींतील बारीकसारीक आवाज उघडे पडूं लागले. पंख्याचा आवाज त्यांपैकींच एक.

मुळांत अँप्लिफायरला पंखा लागतो कशासाठीं? यंत्र विजेच्या तारेंतून जी शक्ति घेतें, ती सगळी स्पीकरपर्यंत पोंचत नाहीं. तंत्रज्ञ ज्याला ‘एबी वर्ग’ म्हणतात त्या नेहमींच्या पद्धतीच्या यंत्रांत, हलक्या आवाजांत वाजतांना, शक्तीचा फार मोठा भाग उष्णतेंतच जातो. ही उष्णता ट्रान्झिस्टरांत उत्पन्न होते. तेथून ती अल्युमिनियमच्या पन्हळीदार ठोकळ्यांत, म्हणजे हीटसिंकमध्यें, उतरते आणि मग हवेंत जाते. हीटसिंक मोठा असला म्हणजे तापलेली हवा आपोआप वर चढते व पंख्याचें कारण पडत नाहीं. ठोकळा लहान आणि शक्ति मोठी असा मेळ घालावयाचा असला, तर मात्र पंखा बसविणें भाग पडतें. सभा, लग्नमंडप, नाट्यगृह यांच्यासाठीं केलेलीं यंत्रें याच जातीचीं. आणि पुष्कळदां तींच घरच्या दिवाणखान्यांत येऊन बसतात.

उपायाचें मूळहि येथेंच आहे. मंडपासाठीं केलेलें दोनशें वॅटचें यंत्र पंधरा फुटांच्या खोलींत रात्रीं वाजतांना सरासरी एक-दोन वॅटांपेक्षां अधिक क्वचितच देतें. पंखा मात्र भरल्या मंडपाच्या हिशेबानें फिरत असतो. म्हणून त्याची गति कमी करण्यास जागा आहे. परंतु ती जागा किती, हें खोलीच्या हवेवर अवलंबून असतें. आणि शिरूर-दौंडची हवा जानेवारींत एक व मे महिन्यांत दुसरी असते. जो उपाय हा फरक विसरून केला जातो, तो शांततेबरोबर यंत्राचा नाशहि घडवून आणतो.

उपाय करण्यापूर्वीं आवाज कोणता तें ओळखावें. पंख्याच्या घरघरींत निदान तीन आवाज मिसळलेले असतात. पहिला वाऱ्याचा. हवा पात्यांवरून आणि जाळींतून घुसतांना फाटते व तिचा सूर नसलेला सुस्कारा ऐकूं येतो. दुसरा पात्यांचा, आणि त्याला मात्र निश्चित सूर असतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे झाले. म्हणजे जाळीच्या एकाच काडीसमोरून सेकंदाला २८० वेळां एखादें पातें जातें. आतां काळी एक या पट्टींत गाणाऱ्या गवयाचा तार षड्ज सेकंदाला सुमारें २७७ कंपनांचा असतो. म्हणजे हा पंखा जणूं किंचित् चढा तार षड्जच धरून बसतो, आणि गवयाच्या षड्जाशीं मिळून सेकंदाला तीन हेलकावे उत्पन्न करतो. तानपुरा जुळवितांना जे हेलकावे कान देऊन घालवावयाचे, तेच पंखा पुन्हां आणून बसवितो. जाणत्या कानाला तो इतका कां खुपतो, याचें हें कारण. तिसरा आवाज कंपनाचा. पंख्याची थरथर स्क्रूच्या वाटेनें पत्र्यांत उतरते, आणि पेटीचा पत्रा ती वाढवून बाहेर टाकतो.

परीक्षा सोपी आहे. चालू यंत्राच्या वरच्या पत्र्यावर तळहात दाबून धरला असतां घरघर कमी झाली, तर दोष कंपनाचा. ती तशीच राहिली व एकसुरी असली, तर दोष पात्यांचा व जाळीचा. यंत्र थंड असतां सुरू करतांना करकर ऐकूं येऊन थोड्या वेळानें कमी होत असेल, तर बहुधा बेअरिंगमधील वंगण सुकलें आहे. अशा पंख्यावर दुसरे उपाय करण्यापेक्षां तो बदलणें बरें.

पहिला उपाय बिनखर्चाचा. काचेच्या दाराच्या शोकेसमध्यें कोंडलेलें यंत्र आपलीच गरम हवा पुन्हां पुन्हां ओढून घेतें. तें बाहेर काढून बाजूंना आणि वर निदान चार-चार इंच मोकळी जागा ठेवावी. तापमान पाहून गति बदलणारा पंखा असेल, तर एवढ्यानेंच तो मंदावतो. यंत्र बैठकीपासून दूर ठेवावें. उघड्यावर अंतर दुप्पट केलें असतां आवाज सहा डेसिबलांनीं उतरतो. खोलींत भिंतींमुळें लाभ त्याहून कमी होतो, पण होतो खरा. स्पीकरची तार त्यामुळें लांब करावी लागली, तर ती जाड घ्यावी.

दुसरा उपाय सफाईचा. घोडनदीच्या काठचें शिरूर काय किंवा भीमेच्या काठचें दौंड काय, दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यांतले. वर्षांतील बरेच महिने कोरड्या वाऱ्याचे आणि धुळीचे. हीटसिंकच्या खांचांत बसलेली धूळ ही उष्णतेवर पांघरलेली घोंगडीच होय. वर्षांतून दोनदां, एकदां होळीपूर्वीं आणि एकदां खंडेनवमीला, यंत्र साफ करावें. फुंकणीनें हवा मारतांना पातीं बोटानें धरून ठेवावीं. मोकळीं सोडल्यास तीं भलत्या वेगानें फिरून बेअरिंग बिघडण्याचा संभव असतो.

येथें एक इशारा अवश्य द्यावयास हवा. पेटी उघडण्यापूर्वीं प्लग काढावा. आणि प्लग काढल्यावरहि आंतील मोठ्या कपॅसिटरांत विजेचा सांठा कांहीं काळ राहतो हें विसरूं नये. ज्यास या कामाची संवय नाहीं, त्यानें आंतील सर्व काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें. यंत्र हमीच्या मुदतींत असेल तर पेटी उघडूंच नये.

तिसरा उपाय कंपनाचा. पंखा आणि पत्रा यांच्यामध्यें रबराचे वॉशर घालावे किंवा स्क्रूऐवजीं रबराच्या खुंट्या वापराव्या. यंत्राच्या पायांखालीं रबर किंवा जाड नमदा घालावा. जाळीचा विचारहि येथेंच करावा. पत्र्यांतच खांचा पाडून केलेली जाळी वारा अडविते व सूर काढते. ती काढून गोल तारेची जाळी बसविली, तर बोटांचें रक्षण होऊन आवाजहि उतरतो. हवा ज्या बाजूनें आंत ओढली जाते, त्या बाजूस पात्यांसमोर निदान इंचभर मोकळें अंतर असावें. अडथळा त्याच बाजूस अधिक बाधतो.

चवथा उपाय मोठ्या पंख्याचा, आणि त्यामागील गणित जाणून घेण्यासारखें आहे. पंख्याची गति निम्मी केली कीं हवा निम्मी होते, परंतु आवाज सुमारें पंधरा डेसिबलांनीं खालीं येतो. कानाला तो मूळच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच वाटतो. उलट, एकाच घडणीच्या पंख्याचा व्यास वाढविला कीं त्याच गतीला हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ८० मिलिमीटरच्या जागीं १२० मिलिमीटरचा पंखा बसविला, तर मोकळ्या हवेंत तो तिपटीहून अधिक हवा ढकलतो. म्हणून तेवढ्याच हवेसाठीं त्याला एक-तृतीयांशाहून कमी गतीनें फिरविलें तरी चालतें. अट एकच: मंद पंख्याला जोर थोडा असतो, तेव्हां हवेची वाट मोकळी पाहिजे. पंख्याच्या चौकटीवरील बाण पाहून वाऱ्याची दिशा पहिल्यासारखीच ठेवावी.

पांचवा उपाय गति कमी करण्याचा. पंखा बारा व्होल्टचा असून त्यावर ०.१५ अँपिअर असें लिहिलेलें असेल, तर त्याच्या तारेंत ५६ ओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर जोडला म्हणजे पंख्याच्या वांट्याला सुमारें सात व्होल्ट येतात व तो बराच शांत होतो. मात्र इतक्या कमी दाबावर कांहीं पंखे सुरूच होत नाहींत. म्हणून यंत्र थंड असतां दहा वेळां बंद-चालू करून पाहावें. एकदां जरी पंखा अडला, तरी रेझिस्टर लहान घ्यावा. पंखा २३० व्होल्टचा असेल, तर छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याला लावण्याचा मोह टाळावा. त्याची गुणगुण गाण्यांत शिरते, आणि एक पीडा घालवितांना दुसरी पदरांत पडते.

आतां मंद केलेल्या पंख्याचा हिशेब पाहूं. एक लिटर हवा एक अंशानें तापविण्यास सुमारें १.२ ज्यूल उष्णता लागते. पंखा सेकंदाला दहा लिटर हवा नेत असेल आणि यंत्र हलक्या आवाजांत ४० वॅट उष्णता सोडीत असेल, तर हवा साधारण साडेतीन अंशांनीं तापते. पंख्याची गति निम्मी केली तर ती सात अंशांनीं तापेल. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु घरांत बारसें निघालें, मंडळी जमली, आवाज चढविला आणि उष्णता ३०० वॅटांवर गेली, तर निम्म्या गतीला तीच हवा पन्नास अंशांनीं तापेल. खोली आधींच चाळीस अंशांवर असेल, तर पेटींतील हवा नव्वदावर जाईल. आणि ट्रान्झिस्टर हवेपेक्षांहि तप्त असतात.

म्हणूनच रेझिस्टर एकटा सोडूं नये. त्याच्या जोडीला थर्मोस्टॅट द्यावा. इस्त्रींत असते तशी दोन धातूंची छोटी चकती असलेला, पन्नास अंशांवर जोडणारा थर्मोस्टॅट हीटसिंकवर बसवून रेझिस्टरला समांतर जोडावा. हीटसिंक थंड असेपर्यंत पंखा सात व्होल्टांवर हळू फिरतो. तापला कीं रेझिस्टर बाजूला पडून पंखा पूर्ण गति घेतो. यंत्र अति तापल्यास तें आपोआप बंद पडावें अशी योजना कारखानदारानें आंत केलेली असते, तिला मात्र हात लावूं नये.

सर्व झाल्यावर परीक्षा भर उन्हाळ्यांत करावी. समजा, मंद पंख्यानें हीटसिंक खोलीपेक्षां पंचवीस अंशांनीं अधिक तापतो. जानेवारींत बावीस अंशांच्या खोलींत तो सत्तेचाळीसावर थांबेल आणि सर्व आलबेल वाटेल. तोच मे महिन्याच्या दुपारीं चाळीस अंशांच्या खोलींत पांसष्टावर जाईल. कपॅसिटरांचें आयुष्य त्यांच्याभोंवतालचें तापमान दहा अंशांनीं चढलें कीं सुमारें निम्मे होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या अठरा अंशांची किंमत कळते. तापमान दुरून मोजणारें यंत्र रांजणगांव किंवा कुरकुंभ येथील कारखान्यांत काम करणाऱ्या एखाद्या परिचिताकडे मिळण्यासारखें असतें. अंगांतील ताप पाहण्याचें यंत्र येथें चालत नाहीं, कारण त्याची मजल बेताचीच. शिवाय चकचकीत अल्युमिनियमवर मापन चुकतें. म्हणून हीटसिंकवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावें. पूर्ण गतीलाहि आंकडा पांसष्टाच्या वर जात असेल, तर शांततेचा आग्रह सोडून पंखा पूर्ववत् करावा.

अशी व्यवस्था केल्यावर मे महिन्यांतील दुपारीं पंखा पुन्हां घरघरूं लागेल. तो दोष मानूं नये. त्या वेळीं तें त्याचें कामच आहे. तो तापलेल्या यंत्राला जपत असतो. रात्रीं खोली निवली, गाणें हलकें लावलें, म्हणजे तोहि मंद होतो. आणि तानपुऱ्याची जवार व गवयाचा श्वास, जे मुद्रणांत पहिल्यापासूनच होते, ते घरच्या माणसांना ऐकूं येऊं लागतात.