एक्सप्लेनर : सिकलसेलमध्ये लहान मुलाला लकवा का मारतो? उत्तर रक्तवाहिनीच्या भिंतीत

गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 'रक्त कमी होतं, हातपाय ठणकतात' एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण या आजारातला एक मोठा धोका रक्तवाहिनीच्या भिंतीत तयार होतो. खेळत्या-बागडत्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला अचानक लकवा मारतो, तो त्यामुळेच.

पेशी कडक होते म्हणजे काय?

तांबडी पेशी साधारण ८ मायक्रोमीटर रुंद असते. शरीरातल्या काही केशवाहिन्या याहूनही अरुंद असतात. निरोगी पेशी लवचीक असल्यामुळे दुमडून त्यातून निघून जाते. सिकलसेलग्रस्ताच्या हिमोग्लोबिनमध्ये एका साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून दांडे तयार करतात, पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते.

हे लगेच होत नाही, थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी अरुंद वाट पार करून गेली तर सुटली. नाही गेली तर अडकते आणि तिच्यामागे रांग लागते. मुंबईत जन्मलेले अभियंते सुब्रा सुरेश आणि एमआयटीतले मिंग दाओ यांच्या गटाने २०१५ मध्ये बारीक नळ्या कोरलेल्या चिपमधून रुग्णांच्या पेशी सोडल्या, ऑक्सिजन कमी केला आणि कोणती पेशी किती वेळात वाकते, कुठे अडकते हे मोजलं.

आता मे महिन्यातलं तेंदूपत्त्याचं काम आठवा. घाम जातो, पाणी कमी पडतं, पेशीतलं हिमोग्लोबिन घट्ट होतं. ते किंचित घट्ट झालं तरी पेशीला मिळणारा वेळ कित्येक पटींनी घटतो. पुढे रोवणीत तासन् तास गार पाण्यात उभं राहिलं की हातापायांच्या वाहिन्या आकसतात, प्रवाह मंदावतो, वेळ पुन्हा अपुरा. आशाताई 'पाणी पीत राहा' म्हणतात तेव्हा ते वरवरचं वाटतं खरं, पण त्यामागे चोख यंत्रशास्त्र आहे.

मग मेंदूची मोठी धमनी का बिघडते?

ही धमनी काही मिलिमीटर रुंद असते, एकट्या पेशीने ती तुंबत नाही. इथे गोष्ट वेगळी आहे. ग्रस्त व्यक्तीची तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी जेमतेम १० ते २० दिवस जगते. रक्त कमी, म्हणून मेंदूला पुरेसा ऑक्सिजन पोहोचवायला ते जास्त वेगाने धावतं. वेगाने धावणारं रक्त भिंतीच्या आतल्या अस्तराला घासतं, फुटलेल्या पेशींतला मालमसाला त्या अस्तराला आणखी चिडवतो आणि पांढऱ्या पेशी तिथे चिकटू लागतात.

अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठात मनू प्लॅट यांच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं याच भिंतीचा अभ्यास केला. धमनीला रबरासारखा ताण देणारं प्रथिन म्हणजे इलॅस्टिन. सिकलसेलमध्ये कॅथेप्सिन नावाची विकरं वाढतात आणि ते कुरतडतात, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. सिकलसेलचं मानवी जनुक घातलेल्या उंदरांच्या मानेतल्या धमन्यांचा आकारही बदललेला आढळला. म्हणजे नळीत कचरा अडकतो एवढंच नाही, नळीच आतून खराब होते. माझ्या मते शाळेत सिकलसेल शिकवताना नेमकं हेच राहून जातं.

हे आधी कळू शकतं?

बऱ्याच अंशी हो. रबरी पाइपचं तोंड बोटाने दाबलं की धार जोरात जाते. धमनी अरुंद झाली की तिथलाही वेग असाच वाढतो. कानशिलावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून तो मोजता येतो. सुई नाही, दुखत नाही. या चाचणीला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिल्या स्ट्रोकचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, हे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या 'स्टॉप' चाचणीत दिसलं. २ ते १६ वर्षांच्या ग्रस्त (एसएस) मुलांची ही तपासणी दरवर्षी करावी, असा तिथला शिरस्ता आहे.

भारतातल्या अनेक रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन (एचबीएफ) तुलनेने जास्त टिकतं, त्यामुळे आजार सौम्य असतो असं मानलं जायचं. विदर्भातल्या रुग्णांबाबत हे सरसकट खरं नाही, तीव्र आजाराची मुलं इथे आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच एचबीएफ वाढवतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरावीक काळाने रक्त तपासत घ्यायचं असतं आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नसतं.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. त्या तपासणीतून मूल वाहक आहे की ग्रस्त, हे कळतं. धमनीची अवस्था मात्र त्यातून कळत नाही. डॉप्लरची सोय तालुक्याच्या दवाखान्यात असेलच असं नाही, म्हणून मूल ग्रस्त असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना या चाचणीबद्दल स्वतःहून विचारा.

आणि तोंड एकीकडे वाकलं, एका हातातून वस्तू निसटू लागली किंवा बोलणं अडखळलं, तर झोपून बरं होईल म्हणून थांबू नका. थेट १०८ ला फोन करा आणि मूल सिकलसेलग्रस्त आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.