मातीविना शेती : जलसंवर्धित पिकांचे शास्त्र आणि कोकण किनारपट्टीतील मर्यादा

प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील नावडे हे मूळचे भातशेतीचे गाव. एका अंगाला तळोजा औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सिडकोने आखलेली नागरी वसाहत आणि परिसरातून वाहणारी कासाडी नदी, अशा चौकटीत येथील शेती आक्रसत गेली. या पट्ट्यातील सखल जमिनींना खाडीच्या पाण्यामुळे खारटपणाचा प्रश्नही आहे. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रातून ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ या क्षार सहन करणाऱ्या भातजाती पुढे आल्या, त्या याच प्रश्नाला उत्तर म्हणून. जमीन थोडी, त्यातील काही खारट आणि मुंबईची बाजारपेठ मात्र हाकेच्या अंतरावर, अशा ठिकाणी मातीविना शेतीची कल्पना मोहक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या पद्धतीविषयी सांगितले जाणारे लाभ आणि तिचे प्रत्यक्ष शास्त्र यांत अंतर आहे. प्रस्तुत लेखात त्या अंतराचा विचार केला आहे.

संकल्पना व पूर्वपीठिका

वनस्पतीला माती लागत नाही. मातीतून मिळणारे पाणी, क्षार, प्राणवायू आणि आधार लागतो. ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ युलियस झाक्स व विल्हेल्म नॉप यांनी १८६० च्या दशकात क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून सिद्ध केली. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नत्र किंवा लोह वगळून रोपाची पाने पिवळी पडताना दाखवितात, तो प्रयोग या परंपरेतलाच. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून तो प्रयोगशाळेबाहेर काढला व टोमॅटोचे पीक घेतले. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव १९३७ मध्ये रूढ झाले. मात्र त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन यांनी १९३८ च्या पुस्तिकेत स्पष्ट केले की, चांगल्या जमिनीत मिळते त्याहून अधिक उत्पादन केवळ पाण्यात वाढविल्याने मिळत नाही. हा निष्कर्ष आज फारसा उद्धृत होत नाही, हे खेदजनक आहे. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये कालिंपाँग परिसरात प्रयोग केले. वाळू-खडीच्या वाफ्यांवर आधारलेली त्यांची साधी रीत ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

द्रावणाची घडण

वनस्पतीच्या १७ आवश्यक मूलद्रव्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हवा-पाण्यातून मिळतात. उरलेली १४ द्रावणातून पुरवावी लागतात. येथे साधी वाटणारी एक अडचण आहे. कॅल्शियम नायट्रेटचे तीव्र द्रावण सल्फेट वा फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात मिसळले, तर साका तळाशी बसतो आणि ते अन्न मुळांना मिळत नाही. म्हणून दोन स्वतंत्र टाक्या ठेवून ती द्रावणे भरपूर पाण्यातच एकत्र आणतात. सामू साधारणतः ५.५ ते ६.५ या मर्यादेत राखावा लागतो. तो वाढला की लोह असूनही पिकाला मिळेनासे होते. मातीत हे चढउतार चिकणमाती व सेंद्रिय पदार्थ सावरून घेतात. पाण्यात सावरणारे कोणी नसते, माणसालाच रोज मोजमाप घ्यावे लागते.

कोकणात खरा प्रश्न उष्णतेचा आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. उलट मुळांचे श्वसन मात्र उष्णतेबरोबर वाढते. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो, मुळे तपकिरी पडतात आणि पिथियमसारखी मूळकूज शिरते. दमट हवेचा परिणाम आणखी वेगळा. कॅल्शियम पानांपर्यंत पोहोचते ते बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने. हवा दमट असली की ही ओढ मंदावते आणि द्रावणात कॅल्शियम मुबलक असूनही लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. खत वाढवून हा दोष जात नाही, हवा खेळती ठेवावी लागते. थंडावा राखायचा तर वीज लागते. अ‍ॅरिझोनातील लेट्यूसविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात प्रतिकिलो पाण्याची गरज शेतात सुमारे २५० लिटर, तर जलसंवर्धनात २० लिटर असा अंदाज मांडला आहे. पाण्याची बचत खरीच; परंतु त्याच अभ्यासात ऊर्जेची गरज सुमारे ८० पट निघाली, हा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही.

चाऱ्याचा प्रयोग

मराठी मुलखात ही पद्धत सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचली ती भाजीपाल्यापेक्षा चाऱ्याच्या रूपाने. गोव्यात कुरणांची व हिरव्या चाऱ्याची टंचाई लक्षात घेऊन भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या जुने गोवे येथील केंद्राने मक्याच्या जलसंवर्धित चाऱ्यावर संशोधन केले आणि राष्ट्रीय कृषि विकास योजनेतून दूध संस्थांकडे संच उभारले गेले. महाराष्ट्रात २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांत शेतकऱ्यांनी बांबू, शेडनेट व प्लास्टिकचे ट्रे वापरून हीच गोष्ट स्वस्तात केली. मका भिजवायचा, मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरून ठरावीक वेळाने पाणी फवारायचे. सात-आठ दिवसांत मुळांसकट हिरवी चटई तयार होते. या चाऱ्याला बहुधा खतद्रावणही लागत नाही, कारण अंकुर दाण्यातील साठ्यावरच वाढतो.

एक किलो मक्यापासून पाच-सहा किलो चारा मिळतो, हे खरे आहे. पण वाटीभर मटकीला मोड आणल्यावर भांडे भरते, म्हणून घरात कडधान्य वाढले असे कोणी म्हणत नाही. एक किलो मक्यात शुष्क पदार्थ सुमारे ८८० ग्रॅम असतो. साडेपाच किलो चाऱ्यात तो १३ टक्के धरला, तर ७१५ ग्रॅम भरतो. उरलेला पिष्टमय भाग अंकुराच्या श्वसनात खर्च झालेला असतो. थोडक्यात, वाढते ते पाणी. तरीही हा चारा निरुपयोगी ठरत नाही. हिरवे काहीच नसताना तो रुचकर व पाचक असतो, त्यात जीवनसत्त्वे असतात आणि गोव्यातील निरीक्षणांत दूधवाढही नोंदली गेली आहे. वाळल्या वैरणीला जोड म्हणून तो योग्य. वैरणीला पर्याय म्हणून दिल्यास जनावर अर्धपोटी राहते आणि दुष्काळात पदरमोड करणाऱ्या पशुपालकाचा पैसा पाण्यात जातो. उत्पादनखर्चात सुमारे ९० टक्के वाटा बियाण्याचाच असल्याने मक्याचा भाव चढला की सारे गणित कोलमडते. ट्रेमध्ये बुरशी धरली तर तो चारा फेकून देण्यावाचून गत्यंतर नाही. कोकणातील पावसाळी हवेत ही भीती अधिक.

नावडे परिसराच्या संदर्भात

माती टाळता आली तरी पाणी टाळता येत नाही. तळोजा परिसरातील औद्योगिक सांडपाण्यामुळे कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आहे, त्यामुळे नदीचे पाणी तपासल्यावाचून वापरणे येथे धोक्याचे. खाडीलगतच्या विहिरी व विंधनविहिरी यांच्या पाण्यात सोडियम असण्याची शक्यता असते. फिरत्या द्रावणात पीक पाणी व अन्नद्रव्ये उचलते, सोडियम मात्र बहुतांशी मागे ठेवते. दर वेळी नवी भर घातली की त्याचे प्रमाण चढत जाते आणि काही आठवड्यांत सारे द्रावण ओतून द्यावे लागते. ते नायट्रेट-फॉस्फेटयुक्त पाणी गटारातून खाडीत गेले, तर पाणीबचतीचा दावा कितपत उरतो?

येथे छतावरच्या पावसाचा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. पनवेल भागात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छतावर त्याचे तीन लाख लिटर होतात; गळती-बाष्पीभवन वजा जाता दोन ते अडीच लाख लिटर जवळपास क्षारमुक्त पाणी हाती येऊ शकते. अडचण साठवणीची आहे, कारण हा पाऊस चार महिन्यांतच पडून जातो आणि तेवढी टाकी बांधण्याचा खर्च लहान उत्पादकाला पेलणारा नाही. पावसाळ्यात साठविलेले पाणी आणि विहिरीचे पाणी मिसळून वापरणे हा मधला मार्ग दिसतो. त्यासाठी विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता एकदाच मोजून भागत नाही. ऑगस्टमध्ये गोड भासणारी खाडीकाठची विहीर मे महिन्यात मचूळ झालेली असू शकते. संच उभारण्यापूर्वी निदान एक पूर्ण वर्ष, दर महिन्याला ही नोंद घेतली जावी. परिसरातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांना साध्या वाहकतामापकावर हे काम करता येईल.