बधिर तळवे आणि एका वर्षाची मुदत

डॉक्टर डोळे मिटायला सांगतात आणि तळव्याला नायलॉनचा तंतू टेकवतात. १० ग्रॅम दाब पडला की तंतू वाकतो. तोवर धडधाकट माणसाला स्पर्श कळलेला असतो. व्हिएतनामला जाऊन आलेला, सत्तरी उलटलेला अमेरिकी सैनिक मात्र ढिम्म बसून राहतो. त्याला वाटतं, तपासणी अजून सुरूच व्हायचीय.

शत्रूला लपायला झाडी आणि खायला पीक उरू नये म्हणून अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं फवारली. त्यातलं ‘एजंट ऑरेंज’ सर्वाधिक बदनाम. नारिंगी असायचा तो पिंपावरचा पट्टा. आत दोन तणनाशकांचं मिश्रण होतं. पैकी ‘टू-फोर-डी’ आपल्याकडे उसात आजही मारतात. खरं विष आलं ते दुसऱ्यातून, टू-फोर-फाइव्ह-टी बनवताना आपोआप तयार होणाऱ्या डायॉक्सिनमधून. हे डायॉक्सिन चरबीत मुरतं, चेतांना इजा करू शकतं आणि निम्मं व्हायलाच सात ते अकरा वर्षं घेतं.

पायाच्या बोटाची खबर नेणाऱ्या चेतापेशीचं मुख्य ठाणं कमरेजवळ असतं आणि तिचा तंतू जवळपास मीटरभर लांब. एवढ्या लांबवर रसद पुरवताना टोक आधी उपाशी पडतं. म्हणून बधिरता मोजे चढवल्यासारखी खालून वर येते. पण मधुमेह, दारू, बी-१२ची कमतरता यांतही तळवे असेच बधिरतात. कारण कोणतं, हे नायलॉनचा तंतू सांगत नाही.

म्हणून अमेरिकेच्या १९९१च्या कायद्याने यादीतल्या काही आजारांपुरतं भरपाई मागणाऱ्या सैनिकावरचं पुराव्याचं ओझं उतरवलं. चेतांच्या आजाराला मात्र अट लागली: फवाऱ्याशी शेवटचा संबंध आल्यापासून वर्षभरात तो किमान १० टक्के अपंगत्वाइतका दिसायला हवा. २०१३पर्यंत तर तो दोन वर्षांत बराही व्हावा लागे! म्हणजे ज्याचं दुखणं जन्मभरासाठी चिकटलं, तोच यादीबाहेर. चिखलात भिजलेल्या बुटांत पायाला मुंग्या आल्या, तर विशीतला पोरगा त्याची नोंद करायला कशाला जाईल?

२००१ साली टाइप-२ मधुमेह यादीत आला, तोही मुदतीविना. मधुमेहाने चेता गेल्या, तर त्याच आधारावर भरपाई मागता येते. आता दोघांचे तळवे सारखेच बधिर असले, तरी साखर वाढलेल्याचा अर्ज सोपा. दुसऱ्याला डॉक्टरकडून लिहून आणावं लागतं, की फवाऱ्यामुळे हे झाल्याची निदान निम्मी तरी शक्यता आहे. आणि डॉक्टर आधी विचारतात, ‘शुगर तपासलीत का?’