परखड वाचकाचे ऋण

मराठीत एक कादंबरी अशी आहे की तिची प्रस्तावना काही वाचक कादंबरीच्याही आधी आठवतात. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी नरहर कुरुंदकर यांनी देसाई यांना लिहिलेले दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापले आहे. कुरुंदकरांचे मूळ गाव कुरुंदा वसमत तालुक्यात आहे. आज ते हिंगोली जिल्ह्यात मोडते. परंतु १९९९ मध्ये हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातीलच गाव होते. इंटरच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झालेला, नांदेडच्या शाळेत शिकवणारा हा तरुण पुढे तेथील पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाला. परीक्षेतील अपयशामुळे आपल्या मताचे मोल कमी होते, असे त्यांना कधी वाटले नसावे. समोरचा लेखक ‘स्वामी’मुळे साहित्य अकादमीचा सन्मान मिळवून महाराष्ट्रभर कीर्तिमान झालेला होता, तरीही पत्राचा सूर स्नेहाचा आहे आणि खुशामतीचा मुळीच नाही.

स्नेह आणि स्पष्टपणा एकत्र नांदणे आपल्याकडे दुर्मीळ आहे. पुस्तकाचे प्रकाशन झाले की शाल, श्रीफळ, चार गौरवाची भाषणे आणि ‘वाचनीय’ हा शब्द ठरलेला असतो. लेखक परिचयाचा असतो, त्याचे कुटुंब समोरच्या रांगेत बसलेले असते. अशा वेळी कोण कशाला कटू बोलेल? मात्र या सौजन्याची किंमत लेखकाला मोजावी लागते. त्याचे पुढचे पुस्तकही तसेच निघते, कारण पहिले कोठे फसले हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

‘श्रीमान योगी’चे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्या एकाच ग्रंथात वाचकाला दोन शिवाजी महाराज भेटतात. कुरुंदकरांच्या पत्रातील महाराज राज्यनिर्माते आहेत. त्यांचे मोठेपण कुरुंदकर केवळ लढायांच्या यादीत शोधत नाहीत. महाराजांच्या निधनानंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. संभाजी महाराज मारले गेले, पुढे राजाराम महाराजही गेले, तरी १७०७ पर्यंत सामान्य माणसे लढत राहिली. राजा नसताना प्रजा राज्यासाठी लढते, याचा अर्थ ते राज्य तिला आपले वाटत होते, हा कुरुंदकरांच्या विवेचनाचा गाभा आहे. देसाई यांच्या कादंबरीतील महाराज मात्र मुख्यतः पुत्र, पती आणि पिता आहेत. जिजाबाईंसमोर नम्र होणारे, सईबाईंच्या आठवणीने व्याकूळ होणारे, संभाजींच्या वर्तनाने पोळलेले. हे प्रसंग देसाई यांनी फार हळुवार हाताने रंगविले आहेत आणि त्यांतले काही कोणाही संवेदनशील वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणतील. परंतु स्पष्ट सांगायचे तर या भावभारात कारभार हरवतो. जमीनमहसूल कसा आकारला गेला, वतनदार कसे आवरले, गडाची सनद आणि शिबंदी कशी राखली, या कोरड्या वाटणाऱ्या बाबींतच त्या राज्याचे रहस्य होते आणि कादंबरी तेथे घाईने पुढे जाते. वाक्येही पुष्कळदा गरजेपेक्षा अधिक अलंकृत होतात. कादंबरी लहान ठरते असे यातून सुचवायचे नाही. आपल्याहून वेगळा नायक पाहणाऱ्या वाचकाचे पत्र लेखकाने आपल्याच ग्रंथाच्या दारात लावले, हे देसाई यांचे मोठेपण आहे.

पुढे १९७१ साली कुरुंदकरांचे ‘धार आणि काठ’ आले. मराठी कादंबरीच्या वाटचालीचा हा ग्रंथ आजही वाचावा. प्रत्येक मत पटेल असे नाही. परंतु कोणत्याही पानावर, लेखकाचे नाव मोठे म्हणून मत मवाळ झाले आहे, असे वाटत नाही.

परभणीनेच दिलेल्या दुसऱ्या एका लेखकाच्या वाट्याला असा वाचक वेळेवर आला असता तर? सातोना येथे १९१३ साली जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ, निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. दिवसभर कचेरीत उर्दू दप्तर आणि घरी मराठी कविता, कथा, कादंबरी. परभणीतल्या त्यांच्या कचेरीतच ७ सप्टेंबर १९५३ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘आडगावचे चौधरी’, ‘जगाला कळले पाहिजे’, ‘म्हणे लढाई संपली’ या त्यांच्या कादंबऱ्यांची नावे मराठवाड्यात आदराने घेतली जातात. त्या वाचल्या किती जातात हा वेगळा प्रश्न. त्यांच्या गद्यावर कवीची छाया आहे. प्रतिमा सुंदर येते आणि कथानकाला थोडा वेळ थांबवून ठेवते. आजच्या वाचकाला हा वेग संथ वाटेल, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करण्यात त्यांचा अनादर नाही. मात्र निजामी राजवटीखालच्या मराठी मध्यमवर्गाची कोंडी आतून अनुभवलेल्या माणसाचे हे लेखन आहे. पुण्या-मुंबईच्या तत्कालीन कादंबरीत ती कोंडी शोधूनही सापडत नाही. सभागृहाला आणि पुरस्काराला नाव देऊन झाल्यावर पुस्तक उघडण्याचे काम उरतेच.

कादंबरीविषयी स्पष्ट बोलणे त्यातल्या त्यात सोपे. आठवणींच्या पुस्तकांपाशी वाचकाची जीभ अधिक अडखळते, कारण तेथे मत पुस्तकावर दिले तरी ते माणसाला लागते. कोणाच्या आईविषयी, कोणाच्या दारिद्र्याविषयी, कोणाच्या वैधव्याविषयी लिहिलेल्या पानांना ‘ही पाने कंटाळवाणी आहेत’ असे कसे म्हणावे? तरीही एक कसोटी लावता येते. लेखकाने स्वतःला किती सूट दिली आहे, एवढे पाहिले तरी पुरते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या कसोटीला लखलखीत उतरतात. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी अपार आदर आहे. परंतु त्यांचा राग, विसरभोळेपणा, घरात दाणा नसताना केलेला दानधर्म यांतले काहीही झाकलेले नाही. पतीच्या धर्मांतराने घर मोडले, ती वर्षे सांगतानाही बाईंची विनोदबुद्धी त्यांना सोडून जात नाही. सोवळ्याच्या नादाने साऱ्या घराला वेठीस धरणाऱ्या वडिलांवर त्या हसतात आणि त्या हसण्यात द्वेषाचा लवलेश नसतो. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या आणि राहिलेला भाग त्यांच्या मुलाने पूर्ण केला. त्या भागात माहिती आहे, आईचा आवाज नाही.

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ चे. त्यातील दारिद्र्याच्या आणि अस्पृश्यतेच्या वर्णनाने त्या काळचे वाचक हादरले, आणि ते योग्यच होते. परंतु पुन्हा वाचताना अधिक बोचतात ती पहिल्या पत्नीविषयीची पाने. ज्याच्यावर समाजाने अन्याय केला त्याच माणसाने संशयाच्या भरात आपल्या घरातील स्त्रीवर अन्याय केला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. बाह्य जगावर आरोप करणारी आत्मकथने पुढे पुष्कळ आली. स्वतःवर एवढा नेमका आरोप ठेवणारी मोजकीच.

या दोन्ही पुस्तकांच्या कितीतरी आधी, १६४१ मध्ये, आग्र्याच्या एका श्रीमाळ जैन व्यापाऱ्याने आपले आयुष्य ६७५ पद्यांत लिहून काढले. तो म्हणजे ‘समयसार नाटक’कर्ता बनारसीदास, ग्रंथ ‘अर्धकथानक’, हिंदीतील पहिले आत्मचरित्र. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून, ५५ व्या वर्षी लिहिलेले म्हणून ते अर्धे कथानक. आध्यात्मिक ग्रंथाचा कर्ता म्हणून ज्याला आपण हात जोडतो, तो येथे आग्र्यात महिनोन्महिने कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवतो, धंद्यात बुडतो, आणि संन्याशाने दिलेला मंत्र वर्षभर जपून दारात सोन्याची मोहोर मिळण्याची वाट पाहतो. अकबराच्या मृत्यूची वार्ता जौनपुरात पोहोचली तेव्हा तो जिन्यावरून कोसळला आणि त्याचे डोके फुटले; ही वार्ता ऐकून भयभीत झालेल्या शहराचे त्याने केलेले चित्रण इतिहासाच्या अनेक पुस्तकांहून जिवंत आहे. तारुण्यात त्याने शृंगाररसाचा एक ग्रंथ रचला होता. पुढे आपण लिहिले ते असत्य आहे असे वाटताच त्याने तो मित्रांसमक्ष गोमतीच्या पात्रात सोडून दिला. आपल्याच पुस्तकाविषयी इतके परखड मत दुसऱ्या लेखकाने क्वचितच दिले असेल.

‘अर्धकथानक’ सर्वत्र सारखे रंगत नाही, हेही सांगायला हवे. मध्ये व्यापारी प्रवासांची आणि हिशेबांची रांग लागते व वाचक दमतो. त्याहून मोठी उणीव स्त्रियांच्या बाबतीत आहे. पत्नी गेल्याची वार्ता आणि तिच्याच बहिणीशी विवाहाचा प्रस्ताव एकाच वेळी येतात, आणि कवी त्यावर एक उपमा देऊन पुढे निघतो. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये जन्मली आणि सर्व गेली, हेही तो जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखे नोंदवतो. त्या तिघींनी काय सोसले, हे या सत्यप्रिय ग्रंथातून कळत नाही.

जैन आचारात ‘आलोचना’ म्हणजे गुरूपुढे आपले दोष उघड करणे. साहित्यात तोच शब्द समीक्षेसाठी वापरला जातो. आपल्या घराघरांत पंचाहत्तरीला आणि पुण्यस्मरणाला छापली जाणारी आठवणींची पुस्तके या दोन्ही अर्थांपासून दूर राहतात. त्यांत दुकान सदैव भरभराटीचे, भावंडांत सदैव एकोपा, आणि आजी ‘सात्त्विक, धर्मपरायण, प्रेमळ’ या तीन विशेषणांत संपते. वाटणीच्या वेळी ती काय म्हणाली, ते नातवाला कधीच कळत नाही.

बनारसीदासांनी ग्रंथाच्या शेवटी आपले गुण सांगितले आणि लगेच दोषही मांडले. कधी आपण खोटे बोलतो, लाभ झाला की हुरळतो, हानी झाली की खचतो, अकस्मात भीतीने घेरले जातो; आणि कोणी पाहत नसेल तेव्हा एकटेच नाचतो, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे.